पाटीवरचं क्रियापद

संग्रहालयात वस्तूंच्या शेजारी ज्या छोट्या पाट्या असतात त्या कुणीतरी बसून लिहीत असेल, हे बघणाऱ्यांच्या गावीही नसतं. त्यांना वाटतं, मडकं जमिनीतून निघालं तेव्हा पाटीसकटच निघालं असणार. या संग्रहालयात पाट्या लिहिणाऱ्या गृहस्थांचा हुद्दा कागदोपत्री 'मजकूर अधिकारी' असा भारदस्त होता. पण संचालिकाबाईंपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना पाटीवाले म्हणत. तोंडावर 'पाटीवाले सर'. पाटीवाल्यांनी भाषा घेऊन एम. ए. केलं होतं, आणि तेव्हापासून आजतागायत आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाला भाषा येते असा पुरावा त्यांना मिळालेला नव्हता.

त्यांची सगळी नोकरी मडकी, नाणी आणि नाक फुटलेल्या मूर्ती यांच्या सहवासात गेली होती. ही मंडळी त्यांना पसंत होती. मडकं स्वतःबद्दल बोलत नाही, मुलाखत देत नाही, पाटीचा मसुदा मागवून त्यावर शेरे मारत नाही. त्यामुळे यंदा तळमजल्यावरचं मोठं दालन रिकामं करून तिथे एका हयात माणसाचे कपडे मांडायचे आणि त्याला 'सिंहावलोकन' म्हणायचं असं ठरलं, तेव्हा एखाद्या पाहुण्याने न विचारता आपल्या पलंगावर पाय पसरावेत तसं पाटीवाल्यांना झालं.

हा हयात माणूस म्हणजे सेतुसाहेब. फॅशन डिझायनर. फार पूर्वी एका मासिकाने त्यांना 'पूर्व आणि पश्चिम यांना जोडणारा सेतू' म्हटलं, आणि साहेबांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे त्यांचं मूळ नाव फक्त बँकेला माहीत राहिलं. या पुलावरून पूर्वेचं कोण पलीकडे गेलं आणि पश्चिमेचं कोण इकडे आलं हे कुणी पाहिलेलं नव्हतं. पुलाच्या तोंडाशी बसून टोल घेताना साहेब मात्र सगळ्यांना दिसत होते.

कपडे पेट्यांतून आले आणि पाटीवाल्यांनी ते जवळून पाहिले. एक सूट होता, त्याला किमोनोच्या बाह्या. घालणारा जेवायला बसला असता तर त्याच्याआधी बाही जेवली असती. एक गाऊन होता, त्याला साडीच्या निऱ्या. म्हणजे नेसायला साडीइतका वेळ आणि चालायला गाऊनइतका त्रास, असा दोन्ही संस्कृतींचा अर्क त्यात उतरलेला. एक विजार होती, तिचा डावा पाय पँटचा आणि उजवा सलवारीचा. तिचं नाव 'द्वैत'. बाकीच्यांची नावं 'मौनाचा काठ', 'अनिवासी ऋतू', 'मी, आरसा आणि मलमल' अशी. सगळ्यांत मिळून एक गोष्ट सारखी होती. यांतल्या कुठल्याच कपड्यात आजवर कुणी खाली बसलेलं नव्हतं.

हे सगळं पाटीवाले रोज संध्याकाळी घरी तिखटमीठ लावून सांगत. बायको हसे. लेक हसत नसे, कारण लेक सेतुसाहेबांच्याच कार्यशाळेत कामाला होती.

हे घरातलं दुखणं होतं. लेक खरं म्हणजे इतिहास घेऊन शिकत होती, मार्क बरे होते, बापाने तिच्या प्रबंधाचं शीर्षकसुद्धा मनाशी ठरवून ठेवलं होतं. आणि शेवटच्या वर्षाला ती उठली आणि कात्री घेऊन कार्यशाळेत जाऊन बसली. पाटीवाले वर्षभर तिच्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलले. पुढे राग निवळला, पण तिचं काम काय हे त्यांनी चारचौघांत कधी नीट सांगितलं नाही. नातेवाइकांनी विचारलं की ते म्हणत, "ती वस्त्रसंकल्पनेत आहे." म्हणजे नेमकं काय करते, असं एखाद्या चोंबड्या आत्याबाईने खोदून विचारलंच तर म्हणत, "संकल्पना." आत्याबाई गप्प बसत. संकल्पना हा शब्दच तसा आहे, त्याच्यापुढे बोलायला काही उरत नाही.

एका संध्याकाळी पाटीवाले 'क्षितिज'बद्दल सांगायला लागले. हे सेतुसाहेबांचं सगळ्यात नवं आणि, साहेबांच्याच मते, सगळ्यात थोर वस्त्र. समोरून बघाल तर लांब लोकरी कोट. मागे जाऊन बघाल तर त्याच कापडाच्या निऱ्या खांद्यापासून जमिनीपर्यंत धबधब्यासारख्या उतरलेल्या. खांद्यावर जोड कुठे दिसत नाही. हे दालनाच्या टोकाला एकटं उभं करायचं होतं. पाटीवाल्यांनी त्याच्यावर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की या एका कपड्याबद्दल वाईट बोलण्यासारखं त्यांना काही सापडत नाहीये. ते चमकून थांबले. असं त्यांच्या बाबतीत सहसा होत नसे.

तेव्हा लेकीने सांगितलं. ती हे शिवत होती तेव्हा साहेब डोंगरावरच्या एका आरोग्यधामात गुडघ्यांना तेल लावून घेत होते. तिथून त्यांनी एकच निरोप पाठवला होता : आभाळ हवं. एवढ्या दोन शब्दांवरून तिने कापड घेतलं, बेतलं, उसवलं, पुन्हा बेतलं, शिवलं. साहेब परत आले, त्यांनी डोळे मिटून कॉलरवर बोटं फिरवली, वरचं बटण अर्धं बोट वर घ्यायला सांगितलं आणि म्हणाले, आता झालं. त्या बटणाने कॉलर मान मुरडायला लागली म्हणून साहेबांची पाठ वळल्यावर तिने ते परत खाली घेतलं.

मग ती ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, क्षितिजच्या पाटीवर माझं नाव येईल का? खाली. बारीक चालेल."

आईच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला. लेकीने बापाकडे काही मागितल्याला जमाना झाला होता. कारणही तिने सांगितलं. तिला आता तिथून निघून स्वतःचं दुकान थाटायचं होतं. जागा बघून ठेवली होती, रंगाच्या दुकानामागे एक खोली, उजेड चांगला. पण आलेलं गिऱ्हाईक पहिलं विचारतं, तुम्ही काय काय केलंय? आणि सेतुसाहेबांकडे होते असं सांगितलं की मग माणसं साहेबांबद्दलच विचारत बसतात, ते खरंच अंधारात स्केच काढतात का वगैरे. तिने केलेलं एकही काम जगात तिच्या नावाने उभं नव्हतं. एक उभं राहिलं तर पुढचं ती बघून घेणार होती.

पाटीवाल्यांनी तोंड पुसलं आणि मंत्री म्हणतात तसं "बघतो" म्हटलं. पण आतून ते फुलले होते. इतक्या वर्षांनी पोरीचं अडलं होतं, आणि अडलं होतं ते त्यांच्याच विद्येपाशी.

अडचण एकच होती, पण दांडगी होती. साहेब आणि संग्रहालय यांच्यात करार झाला होता आणि त्यात स्पष्ट होतं की दालनाच्या भिंतींवर नाव लागेल ते एकट्या साहेबांचं. ही अट पाळली जाते की नाही हे बघायला साहेबांचा भाचा होता. तो त्यांचा व्यवस्थापक. घरात तो त्यांना मामा म्हणायचा आणि बाहेर सर, पण जीभ घरच्याच वळणाची, त्यामुळे दर वाक्यात त्याचा "मामा... सर" असा ठेचकाळत प्रवास चाले. भाचा हातात मोजपट्टी घेऊन फिरे आणि मामांच्या नावाची अक्षरं ठरल्याइतकी उंच आहेत ना ते भिंतीला लावून बघे.

दुसरी अडचण पाटीवाल्यांची स्वतःचीच होती. संग्रहालयाच्या पाटीवर क्रियापद नसतं. शीर्षक, साल, साहित्य, सौजन्य; सगळी नामं. ही शिस्त त्यांनीच घालून दिली होती आणि तिचं कारणही ते नव्या लोकांना ऐकवत. क्रियापद आलं की कर्ता कोण हा प्रश्न आला. आणि संग्रहालयात कर्ता कोण हे विचारायला लागलो, तर निम्मी कपाटं ज्याची त्याला परत करावी लागतील. तेव्हा 'अमकीने शिवलं' असं लिहिणं शक्यच नव्हतं. त्यांनी तो विचार मनात नुसता येऊ दिला आणि जिन्यावरूनच परत पाठवला.

दोन दिवस ते शब्द शोधत होते. शिवण हा शब्द समोरच पडलेला होता, पण त्याला त्यांनी हात लावला नाही. 'रचना' साहेबांचीच वाटली असती. 'निर्मिती' म्हटलं तर भाचा मोजपट्टी घेऊन अंगावर आला असता. शेवटी मडक्यांच्या दालनात त्यांना तो शब्द भेटला. त्यांच्या आधीच्या मजकूर अधिकाऱ्याने एका रांजणाच्या पाटीवर, अगदी तळाला, कुंभाराचं नाव घालताना लिहिलं होतं, 'हस्ते'.

पाटीवाले त्या रांजणापुढे उभ्या उभ्या सुखावले. पूर्वी मालाबरोबरच्या चिठ्ठीवर असे, माल कुणाचा ते वर, आणि ज्याच्या हातून आला त्याचं नाव हस्ते म्हणून खाली. किती अदबशीर शब्द. क्रियापद नाही, पण क्रियापदाचं सगळं काम पोटात दडवून बसलेला. शिंप्याच्या मशीनची धडधड त्यात ऐकू येत नव्हती, हा आणखी एक गुण. पण हा गुण त्यांनी स्वतःशीही उघड बोलून दाखवला नाही.

घरी त्यांनी शब्द सांगितला नाही. "झालंय काम. तू बघच," एवढंच म्हणाले. लेकीने विचारलं, करार? त्यावर त्यांनी तिला सांगितलं की करार वाचणारी माणसं वेगळी आणि भाषा वाचणारी माणसं वेगळी.

मसुदे समितीपुढे गेले. समिती म्हणजे संचालिकाबाई आणि भाचा. संचालिकाबाईंना 'संवाद' हा शब्द इतका प्रिय होता की त्यांच्या लेखी बाही खांद्याशी संवाद साधे, कापड शरीराशी साधे आणि रिकामं दालन सगळ्यांशीच साधे. फक्त त्या स्वतः कुणाचं ऐकून घेत नसत. त्यांनी पाट्या वरवर चाळल्या. भाच्याने मोजपट्टी लावली. क्षितिजच्या पाटीपाशी मात्र तो थबकला. पट्टी खाली सरकवून त्याने शेवटची ओळ वाचली, 'हस्ते', आणि पुढे लेकीचं नाव.

भाच्याने संचालिकाबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. दोघांचे चेहरे उजळले. "हे फारच सुंदर सुचलंय तुम्हाला, पाटीवाले," भाचा म्हणाला. "मामा... सर खूश होतील." संचालिकाबाई म्हणाल्या की यातून एक वेगळाच संवाद घडेल.

पाटीवाले खोलीबाहेर आले ते तरंगतच. दोन पदवीधर माणसांच्या नाकावर टिच्चून, त्यांच्याच सहीने, त्यांनी करार मोडला होता, आणि त्या दीडशहाण्यांना पत्ताही नव्हता. त्या दिवशी त्यांनी पहारेकऱ्याला स्वतःहून चहा पाजला.

उद्घाटन सकाळी होतं. आले ते सगळे असे लोक, ज्यांना कपड्यांतलं कळतं असं त्यांच्या कपड्यांवरून कळावं अशी त्यांची इच्छा होती. एक गृहस्थ 'द्वैत'पुढे बराच वेळ मान तिरकी करून उभे होते. पुढे कळलं की त्यांची मान आखडली होती. एक बाई 'मौनाचा काठ'समोर जोरजोरात फोनवर बोलत होती. लेक मागच्या रांगेत आईच्या शेजारी बसली होती, आपणच शिवलेला साधा निळा शर्ट घालून. ती पुन्हा पुन्हा दालनाच्या टोकाकडे बघत होती. तिथे क्षितिजवर आणि त्याच्या पाटीवर मिळून एक मखमली पडदा सोडलेला होता. पाटीवाल्यांनी तिला लांबूनच हाताने दमानं घ्यायची खूण केली.

सेतुसाहेब बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, माझी सुई पूर्वेची आहे आणि दोरा पश्चिमेचा. त्या सुईत दोरा कुणी ओवायचा हे काही ते बोलले नाहीत. मग संचालिकाबाईंनी ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि सांगितलं की क्षितिज या वस्त्राचं अनावरण आता होत आहे, आणि ते होत आहे यांच्या हस्ते. आणि त्यांनी लेकीचं नाव पुकारलं.

पाटीवाल्यांना पहिल्यांदा वाटलं की आपण ऐकण्यात चुकलो. मग त्यांना सगळं एकदम कळलं, आणि कळल्यावर त्यांनी शेजारच्या खांबाला धरलं. हस्ते. शुभहस्ते. ज्या गावात पाणपोईपासून शौचालयापर्यंत प्रत्येक भिंतीवर कुणाच्या ना कुणाच्या हस्ते लिहिलेलं असतं, तिथल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की हस्ते म्हणजे फीत कापणारा. मालाबरोबरची चिठ्ठी आठवणारा माणूस साऱ्या दालनात एकच होता आणि तो खांबाला धरून उभा होता.

लेक पुढे गेली. तिच्या चेहऱ्यावर अजून आशाच होती. भाच्याने तिच्या हातात पडद्याची दोरी दिली तेव्हा ती दोरीकडे बघत राहिली. सेतुसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लोकांना सांगितलं, "ही आमच्या कार्यशाळेतली मुलगी. मोठ्या माणसांच्या हातून पडदे उघडतातच. मी म्हटलं, आज हा मान या छोट्या हातांना द्यावा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईने डोळे टिपले. लेकीने दोरी ओढली. पडदा बाजूला झाला, कॅमेरे चमकले, आणि तिने पाटी वाचली. वर साहेबांचं नाव, उंच अक्षरांत. तळाला बारीक 'हस्ते', आणि तिचं स्वतःचं नाव.

म्हणजे नाव लागलं होतं. ज्या कपड्याला तिने सुईच्या टोकापासून उभं केलं, त्याचा पडदा ओढणारी म्हणून लागलं होतं.

तिघं घरी आली. लेकीने दाराशी चपला काढल्या, हात धुतले आणि टेबलाशी येऊन बसली. पाटीवाल्यांनी रांजणापासून सुरुवात केली. आधीचा मजकूर अधिकारी, मालाबरोबरच्या चिठ्ठ्या, शब्दाचं मूळ, अर्थ कसा घसरत गेला. ते चांगलं बोलत होते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ते व्याख्यान छापायला देता आलं असतं. लेकीने सगळं ऐकून घेतलं.

"शिवलं असं का नाही लिहिलंत, बाबा?"

त्यांनी सांगितलं की तो शब्द समितीत टिकला नसता.

"समितीत टिकला नसता," लेक म्हणाली, "की तुमच्या तोंडात?"

स्वयंपाकघरातून बायको शांतपणे म्हणाली, "संकल्पना म्हणायचं होतं की. आत्याबाईंना चाललं असतं."

लेक हसली नाही. चिडलेलीही दिसत नव्हती. फुकट गेलेल्या कापडाकडे शिवणारी बघते, यातून अजून काही निघतंय का, तसं ती बापाकडे बघत होती. मग ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "बेतलं मी. शिवलं मी. एवढंच आहे ते. त्यात अवघड काही नाहीये."

पाटीवाल्यांना बेतणं ठाऊक होतं ते जिवावर बेतण्यापुरतं. कापड मापाने कापण्यालाही बेतणंच म्हणतात, म्हणजे तो शब्द मुळात तिकडचाच आणि जीव त्यात नंतर आला, हे त्यांना या वयात, जेवणाच्या टेबलावर, बसल्या बसल्या उमगलं. एरवी अशा शोधाने ते दिवसभर खूश राहिले असते. सेतुसाहेबांचा त्यांनी आजवर मनसोक्त तिरस्कार केला होता, कारण साहेबांना शिवणाऱ्याचं नाव घ्यायची लाज वाटे. आता त्यांना दिसलं की या एका बाबतीत त्यांचं आणि साहेबांचं अगदी सख्ख्या भावांसारखं जमलं असतं.

दुसऱ्या दिवशी दारं उघडायच्या आधी ते संग्रहालयात पोचले. घरून आणलेल्या सुरीने त्यांनी क्षितिजची पाटी खरवडून काढली आणि खोलीत जाऊन यंत्रावर नवी छापली. शीर्षक, साल, साहित्य, सौजन्य, साहेबांचं नाव ठरल्याइतकंच उंच. आणि तळाला एक आख्खं वाक्य. लेकीचं पूर्ण नाव, आणि पुढे 'हिने हे बेतलं आणि शिवलं.' पूर्णविरामासकट. त्या इमारतीच्या भिंतीवर लागलेलं ते पहिलं क्रियापद होतं, आणि एकाच्या जागी दोन होती.

दुपार व्हायच्या आत भाच्याने ते पाहिलं. तो मोजपट्टी तलवारीसारखी धरून पाटीवाल्यांना शोधत आला, मागोमाग संचालिकाबाई. भाच्याचं म्हणणं करार मोडला, कपडे आज संध्याकाळी पेट्यांत भरून परत जातील. संचालिकाबाईंना धक्का बसला होता तो निराळाच. "पाटीवर वाक्य?" त्या म्हणाल्या. "तुम्ही? तुम्ही, पाटीवाले?" पाटीवाले म्हणाले की वाक्यात व्याकरणाची किंवा वस्तुस्थितीची चूक दाखवा, मी लगेच काढतो. चूक कुणाला दाखवता येईना. भाच्याने सुरी मागवली.

एवढ्यात सेतुसाहेब स्वतःच आले. ते प्रसन्न होते, कारण त्यांच्या हातात सकाळचं वर्तमानपत्र होतं आणि त्यात छापून आलं होतं की एका साध्या कारागीर मुलीच्या हस्ते अनावरण करवून सेतुसाहेबांनी मनाचा मोठेपणा दाखवला. हे ते भेटेल त्याला दाखवत चालले होते. क्षितिजपाशी येऊन त्यांनी नवी पाटी वाचली. हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र निघून गेलं. त्यांनी भाच्याकडे पाहिलं आणि भाच्याने सुरी उचलली.

दालनात तेव्हा एक म्हातारी बाई हिंडत होती, तिकीट काढून आलेली. ती मघापासून एकेक पाटी चष्मा वरखाली करत वाचत होती. पाट्या खरोखर वाचणारं माणूस पाटीवाल्यांनी नोकरीत क्वचितच पाहिलं होतं. तिने साहेबांना ओळखलं. "शिवणारीचं नाव लिहिलंत हे फार बरं केलंत," ती म्हणाली. "माझी आई आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवत होती. तिचं नाव कुणी कॉलरच्या आतसुद्धा लिहिलं नाही. मन मोठं लागतं त्याला."

सेतुसाहेबांच्या हयातीत कुठलीही स्तुती त्यांच्या दारातून परत गेलेली नव्हती. आतासुद्धा त्यांचा हात आपोआप छातीवर गेला. "आमच्याकडे पद्धतच आहे ती," ते म्हणाले.

भाच्याच्या हातातली सुरी हवेतच राहिली. म्हातारी मान डोलावत पुढे निघाली आणि काहीतरी आठवून वळली. टोमणा मारायचा तिचा मुळीच विचार नव्हता. तिने साधंच विचारलं, "मग बाकीच्यांवर नाहीत का नावं?"

साहेबांनी दालनभर नजर फिरवली. सूट, गाऊन, द्वैत, मौनाचा काठ, सगळे आपापल्या नामांसह गप्प उभे होते. "काम चालू आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी पाटीवाल्यांकडे बोट केलं. "हे लिहितायत."

आणि मग पाटीवाले खरंच लिहीत बसले, कारण मोठेपणा एकदा छापून आला की तो निस्तरावा लागतो. कुणी काय शिवलं हे साहेबांना आठवेना. भाच्याला तर ते कधी माहीतच नव्हतं. सगळं लेकीला विचारावं लागलं. तिला प्रत्येक टाका कुणाचा ते ठाऊक होतं. संध्याकाळी टेबलाशी बसून ती सांगे आणि बाप लिहून घेई, आणि तिखटमीठ लावायची आता गरज पडत नसे. उदाहरणार्थ द्वैतचं रहस्य त्यांना तेव्हा कळलं. साहेबांनी डावा पाय एका कारागिराला सांगितला होता आणि उजवा विसरून दुसऱ्याला. दोघांनी आपापल्या समजुतीने शिवला. साहेबांनी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले, एकत्र जोडायला सांगितले आणि नाव दिलं.

लेकीने राजीनामा दिला. रंगाच्या दुकानामागच्या खोलीत तिचं टेबल लागलं. पहिलं गिऱ्हाईक क्षितिजची पाटी वाचून पत्ता काढत आलेलं होतं. पाटीवरचं नाव तुमचंच ना, एवढं त्या बाईने विचारलं. साहेब अंधारात स्केच काढतात का, हे विचारलं नाही. तिला अगदी तसाच कोट हवा होता, फक्त एवढंच की त्यात खाली बसता यावं. लेक म्हणाली की क्षितिजमध्येही बसता येतं. आजवर कुणी बसून पाहिलेलं नाही, एवढंच.

आणि तो कोट बेतायच्या आधी मूळ वस्त्र एकदा डोळ्यांखालून घालावं म्हणून ती संग्रहालयात आली, सगळ्यांसारखं तिकीट काढून. पाटीवाले द्वैतच्या आडोशाला उभे होते, त्या विजारीत आपल्याला अचानक रस उत्पन्न झाल्यासारखे. लेकीने पाटी वाचली. पुन्हा एकदा वाचली. बापाकडे तिने पाहिलं नाही. मग ती वस्त्राभोवती बांधलेल्या आडव्या दोरीवरून आत वाकली, मागच्या निऱ्यांचा काठ चिमटीत धरला आणि टांगून टांगून कापड किती ओघळलंय ते बघायला लागली.

पहारेकरी लगबगीने पुढे आला. "बाई, हात लावू नका."

"लावून झालाय," लेक म्हणाली, आणि तिने निऱ्या सारख्या केल्या.